बुवांनी न गायलेली ओळ

एकदा एका धरणाच्या वसाहतीत एक बाई एकटी राहत असे. धरणाचे काम चालू होते तेव्हा ती वसाहत गजबजलेली होती म्हणतात. शाळा होती, दवाखाना होता, रविवारी मैदानात पडदा लावून सिनेमा दाखवीत. काम संपले, माणसे आपापल्या बदलीच्या गावी गेली आणि मागे राहिली ती कौलारू घरांची रांग. बहुतेक दारांना कुलपे. त्या रांगेतल्या अगदी शेवटच्या घरात वृंदा राहत होती. जलाशयाची पातळी पाहायची, नोंदवायची आणि वर कळवायची, हे तिचे सरकारी काम. ते ती चोख करी. काम झाले की उरलेल्या दिवसात तिला कोणी हाक मारीत नसे.

वृंदाला ओढ होती ती गाण्याची. कृष्णाकाठच्या एका गावात तिचे गुरू राहत, दिगंबरबुवा. पूर्वी तिची नेमणूक त्याच गावी होती, तेव्हा ऑफिस सुटले की ती थेट बुवांच्या ओसरीवर जाऊन बसे. बदली झाली आणि मध्ये घाट आडवा आला. बुवांचे गुडघे थकलेले, हिला रजा मिळण्याची मारामार. शेवटी बुवांच्या पुतण्याने तोडगा काढला. त्याने बुवांना एक टॅबलेट घेऊन दिला, तो उघडायचा कसा आणि मिटायचा कसा ते चिकाटीने शिकवले, आणि दर रविवारी तिसऱ्या प्रहरी गुरू आणि शिष्या समोरासमोर बसू लागले. मध्ये काच होती, पण दोघांनीही ती नाही असेच धरले होते.

बुवांच्या शिकवण्याची एक रीत होती. ती सांगितल्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही. बुवा ओळ एकदा म्हणत. शिष्याने ती परत म्हणायची. बुवा "हं" म्हणाले की पुढची ओळ. लिहून घ्यायचे नाही, रेकॉर्ड करायचे नाही. आणि "पुन्हा म्हणा" असे तर तोंडातून काढायचेच नाही. ते म्हणणे म्हणजे आपले लक्ष भलतीकडे होते, याची जाहीर कबुली. बुवांच्या गुरूंच्या घरी तसे म्हणणाऱ्याला उठून अंगणात जावे लागे. बुवा स्वभावाने मऊ, ते कोणाला उठवीत नसत. ते फक्त जरा थांबत आणि तानपुऱ्याची खुंटी उगाचच पिळीत बसत. शिष्यांना तेवढ्यानेच मेल्याहून मेल्यासारखे होई. वृंदाने इतक्या वर्षांत बुवांना आपल्यासाठी कधी खुंटी पिळायला लावली नव्हती. याचा तिला मनातून फार अभिमान होता.

ओसरीवर ही रीत ठीक होती. वसाहतीत इंटरनेट यायचे ते टेलिफोनच्या जुन्या तारांवरून, वाकलेल्या खांबांवरून, आणि शेवटच्या घरापर्यंत पोचता पोचता त्याचा जीव जायचा. बुवा डोळे मिटून ओळ उचलीत. सुरुवातीचे शब्द नीट येत. मग बुवांचा हात हवेत तसाच थिजून राही, आवाजाच्या जागी खरखर होई, आणि बुवा पुन्हा हलू लागत तेव्हा ओळ संपत आलेली असे. शेवटचा स्वर तेवढा पदरात पडे. बुवा डोळे उघडून पाहत राहत. आता वृंदाची पाळी.

बुवा, मधलं ऐकू आलं नाही. एवढेच म्हणायचे होते. पण ते म्हणायला तिची जीभ रेटेना. वर्षानुवर्षांची सवय, आणि वर एक भीती. अगदी सुरुवातीला बुवा सहज बोलून गेले होते, "हे यंत्र चालतंय तोवर शिकवतो मी तुला. पण गळ्यातलं गळ्यात जाईना झालं, तर ती शिकवणी कसली? मग थांबू आपण." बुवा बोलून विसरले, वृंदा विसरली नाही. शिकवणी थांबली तर रविवार करायचा काय? रविवारचे सोडा, अख्ख्या आठवड्यात तिच्या तोंडाकडे पाहून बोलणारे ते एकच माणूस होते. ऑफिसचा फोन येई, पण त्याला फक्त पातळी हवी असे.

म्हणून ती अंदाजाने गाई. सुरुवातीचे शब्द आणि शेवटचा स्वर यांच्यामध्ये जे सांडले ते आपल्या मनाने भरून काढी आणि ओळ पुरी करी. बुवा म्हणत, "हं." की गाडी पुढे.

आणि बुवा तिला तेव्हा शिकवीत होते काय, तर मुलतानी रागातली एक जुनी चीज. ती त्यांच्या गुरूंनी बांधलेली. गुरुबंधू एकेक करून गेले होते आणि ते गाणे पुरते येणारे बुवा एकटेच उरले होते. "ही तुझ्याकडे ठेवून जातो बघ," असे ते म्हणाले होते. किती विश्वासाने दिलेली ठेव ती, आणि ती घेणारी बाई मधले मधले गाळून घेत होती, वर घेतली असेही सांगत होती. वृंदाला हे कळत नव्हते असे नाही. कळत होते, म्हणूनच तिला झोप नीट लागत नसे.

मग तिने जे केले ते तुम्हीआम्हीही केले असते. खरे बोलण्यापेक्षा यंत्र दुरुस्त करणे तिला सोपे वाटले.

तालुक्याच्या बाजाराला गेली तेव्हा ती मुलाण्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरली.

"मुलाणी, घरचं इंटरनेट फार हळू चालतं. वेग वाढवायला काही टाकता येतं का त्यात?"

"येतंय की मॅडम! आता कशावर बी सॉफ्टवेअर निघालंय." मुलाण्याने काउंटरवर एक चकचकीत डबी ठेवली. तिच्यावर धूर सोडत वर निघालेल्या रॉकेटाचे चित्र होते. "ह्ये टाका. परवाच आमच्या शेजारच्या सराफांनी नेलंय. नुसतं पळतंय म्हणत्यात."

"पण तार तीच आहे ना. खांबही तेच."

"तारंचं काय घेऊन बसलाय? आतनं जोर लावतंय ते."

मुलाणी काही फसवीत नव्हता. डबीवर लिहिलेले वाचूनच तो सांगत होता, आणि जे छापले आहे ते खरे असते अशी त्याची समजूत होती. वृंदाचीही तशीच समजूत होती, निदान त्या दिवशी तिला ती करून घ्यायची होती. तिने डबी पर्समध्ये टाकली आणि परतीची एसटी धरली.

घरी येऊन तिने ते सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये घातले. पडद्यावर एक रॉकेट खालून वर गेले. मग एक काटा लाल रंगावरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून हिरव्यावर आला आणि खाली अक्षरे उमटली की आपले इंटरनेट आता पूर्वीपेक्षा कितीतरी वेगवान झाले आहे. वृंदाने त्याला चक्क नमस्कार केला.

आणि गंमत अशी की त्या रविवारी खरेच फरक पडला. झाले होते असे, की तिचा लॅपटॉप तिच्या नकळत मागच्या मागे सतरा उद्योग करीत असे. जुने फोटो कुठेतरी पाठवीत बसे, कुणी न मागितलेल्या सुधारणा उतरवून घेई, बंद केलेल्या खिडक्या आतून उघड्या ठेवी. रॉकेटाने ते सगळे उद्योग थांबवले. जी काही बारीक धार घरात येत होती ती निदान एकट्या बुवांच्या वाट्याला आली. बुवांचा हात कमी वेळा थिजला. वृंदाने त्या संध्याकाळी स्वतःसाठी शिरा केला आणि केळीचे पान नव्हते तरी ताट मांडून खाल्ला.

पण पसारा एकदाच आवरता येतो. आवरून झाल्यावर उरली ती मूळची तार, आणि ती होती तशीच होती. दोन-तीन रविवारांतच पुन्हा ओळी तुटू लागल्या. वृंदाने रॉकेट पुन्हा उडवले. मग त्याच रॉकेटाची वरच्या दर्जाची आवृत्ती आणली. ती तर स्वतःच इतकी जागा खाऊन बसली की लॅपटॉपला धाप लागली. काटा मात्र हिरव्यावर. काटा हिरव्यावर आणि बुवा थिजलेले, असे ते दृश्य होते. मोजपट्टीला रंग दिला म्हणून जलाशयाचे पाणी चढत नाही, हे जी बाई रोज सकाळी डोळ्यांनी पाहत होती, तीच संध्याकाळी घरी येऊन त्या काट्याकडे आशेने बघत बसे. माणूस एकटा पडला की असे होते. त्याची अक्कल कामावर शाबूत राहते आणि घरी आली की दमून निजते.

मध्येच केव्हातरी पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना येई. कनेक्शन मंद आहे, चित्र बंद केल्यास आवाज सुधारेल. वृंदा ती सूचना डास झटकावा तशी बोटाने झटकून टाकी. चित्र बंद करायचे म्हणजे बुवांचे पांढरे केस, कपाळावरची ती आडवी आठी, आणि तिने सूर नेमका लावला की किंचित वर जाणारी उजवी भुवई, हे सारे बंद करायचे. ते तिच्याने होण्यासारखे नव्हते. इतर उपाय हजार असताना नेमका हाच का, असे तिला वाटे. आणि ती पुन्हा रॉकेट उडवी.

एका रविवारी ती अंतरा गात होती. गाता गाता तिने मांडी बदलली आणि तिचा हात लॅपटॉपला लागला. ओळ संपवून पाहते तो पडद्यावर तिच्या स्वतःच्या चौकटीत काळोख. आपले चित्र बंद झाले हे कळताच तिने घाईघाईने ते चालू केले.

"माफ करा हं बुवा, चुकून हात लागला."

बुवा "हं" सुद्धा म्हणाले नाहीत. त्यांनी तानपुऱ्याकडे हात नेला आणि ते सावकाश खुंटी पिळू लागले.

चित्र बंद झाल्याचा त्यांना राग आला असावा, असे तिने धरले. आपण बेफिकीर आहोत असे त्यांना वाटले असणार. तो आठवडा तिने कसाबसा काढला.

पुढच्या रविवारी बुवा नेहमीसारखे बसले. तानपुरा त्यांनी मांडीवर घेतला नव्हता, बाजूला भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यांनी डोळे मिटले. हात उचलला. ओठ हलू लागले. हात आवाजाच्या मागून जावा तसा वर गेला, वळला, खाली आला. आवाज मात्र कणभरही आला नाही. आज तर सगळेच गेले, वृंदाच्या मनात आले. नेहमी शब्द दोन शब्द तरी येतात, आज खरखरही नाही. तिने काट्याकडे पाहिले. काटा हिरवा होता.

बुवांचे ओठ थांबले. हात मांडीवर टेकला. त्यांनी डोळे उघडले आणि ते तिच्याकडे पाहू लागले.

वृंदाने श्वास घेतला. मागच्या ओळीनंतर काय येऊ शकेल याचा तिने क्षणभर विचार केला. चीज कोणत्या वळणाने चालली होती ते तिला ठाऊक होते, बुवांची ढब ठाऊक होती. तिने डोळे मिटले आणि ओळ म्हटली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या स्वरापर्यंत सबंध ओळ, कुठेही न अडखळता. म्हणून झाल्यावर तिला स्वतःलाच ती आवडली.

बुवा पाहतच राहिले. थिजले म्हणावेत तर पापण्या लवत होत्या. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हं. आज एवढंच."

हे शब्द स्वच्छ ऐकू आले. वृंदाला हायसे वाटले, आवाज आला म्हणून. त्यापलीकडे तिच्या मनात काही आले नाही. आठवडाभर ती तीच ओळ गुणगुणत होती, धरणाच्या भिंतीवरून जाताना, चहाचे आधण टाकताना. ओळ तिला आता पाठ झाली होती.

त्यानंतरच्या रविवारी तिने वेळेआधीच लॅपटॉप उघडला. घंटी वाजली, बुवांनी उचलले, पण त्यांची चौकट काळी होती.

"बुवा? बुवा, तुम्ही दिसत नाही. थांबा हं, मी सॉफ्टवेअर पुन्हा लावून..."

"काही लावू नकोस." काळ्या चौकटीतून बुवांचा आवाज आला. "मीच बंद केलंय चित्र. तूही तुझं बंद कर."

"माझं? का, बुवा?"

"कर तर खरं."

तिचा हात पुढे होईना. मग गुरूने सांगितले आहे म्हणून तिने ते बटण दाबले. पडद्यावर दोन काळ्या चौकटी राहिल्या आणि त्यांच्यात खिडकीच्या उजेडाने तिचा स्वतःचाच चेहरा अंधुक दिसू लागला.

"येतंय ऐकू?" बुवांनी विचारले.

येत होते. असे येत होते की तिला भरून आले. बुवांचा श्वास येत होता. त्यांच्यामागे कुठेतरी नळाखाली बादली भरत होती, ती येत होती. आणि बुवांचा आवाज सबंध येत होता, कुठेही न फाटता. इतक्या दिवसांत तो आपण सबंध ऐकलाच नव्हता, हे तिला तेव्हा कळले. तो म्हातारा झाला होता. साधे बोलतानाही शेवटाला कापत होता. तुकड्या-तुकड्यांतून तिला तो कंप कधी जाणवलाच नव्हता. चेहरा ती दर रविवारी पाहत होती, पण बुवा किती थकले ते चेहऱ्याने तिला सांगितले नव्हते.

"येतंय, बुवा."

"गेल्या रविवारी मी कुठली ओळ दिली तुला?"

"अंतऱ्याची शेवटची."

"म्हण बरं."

वृंदाने म्हटली. ती म्हणत असताना बुवा मध्ये बोलले नाहीत.

"वृंदा, गेल्या रविवारी मी काही गायलोच नव्हतो. नुसते ओठ हलवले होते."

लाजेने वृंदाचे कान तापले. पाहायला कोणी नव्हते तरी तिने पदर चेहऱ्यापाशी नेला.

"मला वाटलं लाईन गेली," ती अखेर म्हणाली.

"वाटणारच. पण मग 'गेली' म्हणायचं होतंस. तू गायलीस. मोठ्या भरवशाने गायलीस. किती दिवस चाललंय हे?"

मग वृंदाने सगळे सांगितले. तुटणाऱ्या ओळी, मनाने भरलेल्या जागा, मुलाण्याचे दुकान, रॉकेट, हिरवा काटा, कोपऱ्यातली ती सूचना. सांगताना तिला दोनदा रडू आले. बुवा ऐकत होते.

"मग वाढला का वेग, त्या रॉकेटाने?"

"पहिल्यांदा थोडा वाढला. मग नाही."

"मला त्या यंत्रातलं काही कळत नाही," बुवा म्हणाले, "पण तू सांगतेस त्यावरून एवढं दिसतं. घरातला पसारा आवरला की घरात वावरायला जागा होते. तेवढं त्याने केलं, त्याला नावं ठेवू नकोस. पण घर कितीही झाडलंस तरी दारापुढची गल्ली काही रुंद होत नाही. ती बाहेरच्यांनी बांधलेली, जेवढी आहे तेवढीच आहे. आणि त्या एवढ्याशा गल्लीतून आपण चेहराही पाठवत होतो आणि गाणंही. चेहरा अंगाने मोठा. तो पुढे घुसायचा, गाणं मागे चेंगरायचं. आपल्या हातात एवढंच होतं की आधी कोणाला सोडायचं ते ठरवायचं. ते आपण ठरवलं नाही."

"मी ठरवलं नाही, बुवा. चूक माझी आहे."

"थांब. एकटीच सगळं ओढून घेऊ नकोस. तुझा आवाज मला नीट येत होता असं वाटतं तुला?"

हा विचार वृंदाच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

"निम्मा यायचा. कधी तेवढाही नाही. आणि मी म्हणायचो, हं. काय ऐकून म्हणायचो? तू थांबू नयेस म्हणून म्हणायचो." बादली भरली असावी, कारण पलीकडे कोणीतरी नळ बंद केला आणि बुवांचा आवाज आणखीच जवळ आला. "त्या दिवशी तुझा हात लागला आणि तुझं चित्र गेलं, तेव्हा तुझा आवाज असा आला, जणू तू इथे ओसरीवर बसली आहेस. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, की तू गातेस ते आमच्या गुरूंचं नाहीच. मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं, राहू दे बंद, असंच गाऊ. नाही सांगितलं मी. तू घाईने चित्र लावलंस आणि मला बरं वाटलं."

"का, बुवा?"

"आता इथे कोण येतं गं?"

एवढेच ते म्हणाले. वृंदाने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. घाटाच्या दोन्ही बाजूंना दोन माणसे आपापल्या घरात बसून एकमेकांना सांभाळत होती, आणि त्या सांभाळण्यात मधली चीज मरत होती. ती कोणाच्या वाईटपणाने मरत नव्हती. दोघांनाही रविवार हवा होता, एवढेच कारण त्याला होते.

बुवांनी घसा साफ केला. "आमच्या घरची ती रीत, पुन्हा विचारायचं नाही ही, ती समोर बसलेल्यासाठी होती. समोर बसून ऐकू येत नसेल तर दोष ऐकणाऱ्याचा. इथे दोष गल्लीचा, आणि लाज तू वाटून घेतलीस. ते पुरे झालं. आजपासून नाही आलं तर नाही आलं म्हणायचं. मीही म्हणेन."

"आणि बुवा, आजवर झालं ते?"

"ते सगळं पहिल्यापासून. मला तेवढी उसंत आहे की नाही, सांगता यायचं नाही. म्हणून आजच लागू." मग ते म्हणाले, "गेल्या रविवारची ती तुझी ओळ आहे ना, ती वाईट नव्हती. तुझ्याकडे ठेव. तुझी म्हणून ठेव. फक्त आमच्या गुरूंच्या नावाने कोणाला देऊ नकोस."

वृंदा ओल्या डोळ्यांनी हसली. तिने आपला तानपुरा जवळ ओढला. पलीकडून बुवांनी षड्ज लावला आणि चीजेची अगदी पहिली ओळ उचलली, जी आपल्याला पुरती आली असे ती इतके दिवस भासवत होती. ओळ सरळ आली, पुढे गेली, आणि मग मध्येच तार नेहमीसारखी अडखळली. खरखर झाली. शेवटचा स्वर येऊन पोचला.

वृंदाचा गळा तयार होता. हरवलेली जागा कशी भरायची ते तिच्या गळ्याला इतके सवयीचे झाले होते की तो तिच्याआधीच निघाला होता. तिने त्याला थांबवले. पलीकडे बुवा वाट पाहत होते आणि त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"बुवा," ती म्हणाली, "मधलं ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणा."

ती कान देऊन राहिली, खुंटी करकरते की काय म्हणून. मग बुवांनी तीच ओळ पुन्हा म्हटली.

"अजून जरा, शेवटाआधीचं."

बुवांनी पुन्हा म्हटली. मग तिने म्हटली, आणि बुवा म्हणाले, "मला मधलं नाही आलं गं. म्हण पुन्हा." ऊन जलाशयावरून सरकत पलीकडच्या डोंगरावर गेले तरी त्या दिवशी त्यांची एकच ओळ झाली. पण ती जेव्हा पुरी गळ्यात बसली तेव्हा तिच्यात एक वळण निघाले, सूर खाली येता येता मागे वळून पाहावे तसे. असे वळण वृंदाच्या अंदाजाला कधी सुचले नव्हते.

गाणे संपल्यावर बुवा म्हणाले, "आता लाव चित्र. बोलायचं काही नाही, नुसतं बघू."

दोघांनी चित्रे लावली. बुवांचा चेहरा आला आणि आल्या आल्या थिजला, उजवी भुवई वर गेलेली. वृंदा त्याच्याकडे पाहत बसली. तिला घाई नव्हती.

ऐकताना मधले काही आपल्याकडूनही सांडत असते, वाचकहो. तिथे मान हलवण्याआधी पलीकडच्या माणसाला एकदा तसे सांगून पाहावे.